परसातील ज्योतिष्मती : मालकांगोणीची लागवड आणि नर-मादी वेलींचा विचार

ज्योतिष्मतीचे बीज आपल्यापैकी बहुतेकांच्या औषधालयात असते. कोणी ते चूर्णासाठी वापरतो, कोणी तेलासाठी. मात्र हे बीज ज्या वेलीवर धरते ती वेल किती वैद्यांनी पाहिली आहे, असा प्रश्न विचारला तर होकारार्थी उत्तरे थोडीच येतील. आम्हीही पुष्कळ वर्षे त्याच न पाहणाऱ्यांच्या पंक्तीत होतो. पवनानगर येथे परसात ही वेल लावल्यानंतर, आणि लावताना एक मोठी चूक केल्यानंतरच, या द्रव्याविषयी आमचे डोळे उघडले. ती चूक इतरांकडून होऊ नये आणि ज्यांच्यापाशी थोडीबहुत जागा आहे त्यांनी ही वेल लावावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

नाम आणि रूप

ज्योतिष्मती म्हणजे आपली मालकांगोणी. बोलीत तिला कांगुणी, कांगोणी, मालकांगणी असेही म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सेलास्ट्रस पॅनिक्युलेटस असे असून ती सेलास्ट्रेसी कुळातील आहे. सह्याद्रीच्या पानझडी व निमसदाहरित रानांत ती स्वाभाविकपणे वाढते. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीत तिची नोंद आहे. म्हणजे ही वेल परकी नव्हे, बागेसाठी बाहेरून आणलेलीही नव्हे. ती आपल्या मातीतील आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्या अध्यायात शिरोविरेचन द्रव्यांच्या नामावलीत ज्योतिष्मती आहे. चौथ्या अध्यायातील शिरोविरेचनोपग महाकषायात तर दहा द्रव्यांच्या आरंभीच तिचे नाव येते. भावप्रकाश निघंटूने हरीतक्यादि वर्गात तिचे वर्णन केले असून कटु-तिक्त रस, अतिशय उष्ण व तीक्ष्ण गुण, कफवातहरत्व, वामक व सारक कर्म, तसेच अग्नी, बुद्धी व स्मृती यांना बल देणे हे तिचे विशेष सांगितले आहेत. हे सर्व वाचकांस ज्ञातच आहे. येथे आम्हांस केवळ तिच्या पर्यायनामांकडे लक्ष वेधावयाचे आहे.

कंगुनी या पर्यायावरून काही वेळा घोटाळा होतो. कंगु म्हणजे राळा हे धान्य. नामसादृश्यामुळे नवशिक्या विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो. राळा हे तृणधान्य आहे आणि कांगुणी ही काष्ठमय वेल आहे. दोहोंचा परस्परसंबंध नाही. पारावतपदी हा पर्याय आम्ही पाठ केला होता, परंतु त्याचा अर्थ कधी मनास भिडला नव्हता. मार्गशीर्षात वेलीवरील पिवळे फळ उकलले, त्याच्या तीन पाकळ्या मागे वळल्या आणि मध्ये शेंदरी-लाल बीजे उघडी पडली, तेव्हा कबुतराच्या लाल पायाची आठवण सहज झाली. हा अर्थ शास्त्रकारांना अभिप्रेत होता असा आमचा आग्रह नाही. परंतु ज्योतिष्मती, म्हणजे प्रकाशयुक्त, हे नाव का दिले गेले असेल याविषयी त्या दिवसानंतर आम्हांस शंका उरली नाही. निघंटूतील पर्याय बैठकीत बसून पाठ करावेत आणि वेलीखाली उभे राहून समजून घ्यावेत.

अभिज्ञान

मालकांगोणी ही मोठ्या झाडांवर चढत जाणारी काष्ठमय वेल आहे. तिला ताणे नसतात. खोड आणि फांद्या स्वतःच आधाराभोवती पीळ घालीत वर जातात. जुन्या वेलीचे खोड मनगटाएवढे वा त्याहूनही जाड होते. कोवळ्या फांद्यांच्या सालीवर फिकट, लांबट ठिपके उठून दिसतात. ही सालीवरील वातरंध्रे होत. पाने नसतानाही वेल ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते.

पाने एकाआड एक, रुंद अंडाकृती, कडेला बारीक दातेरी, टोकाशी किंचित निमुळती असतात. उन्हाळ्याच्या आरंभी जुनी पाने गळतात व नवी पालवी येते. त्या पालवीबरोबर किंवा तिच्या पाठोपाठ फांद्यांच्या टोकांना लोंबते फुलोरे येतात. फुले अगदी लहान, हिरवट-पिवळसर, पाच पाकळ्यांची असतात. ती दिसण्यात सामान्य असल्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे सांगावयाच्या गोष्टीचे मूळ नेमके याच दुर्लक्षात आहे.

फळे मटाराएवढी गोल असतात. पावसाळ्यात ती हिरवी असतात व पाऊस संपल्यावर पिवळी होऊ लागतात. पूर्ण पिकली की तीन भागांत उकलतात. आत एक ते सहा बीजे असून प्रत्येक बीजाभोवती मांसल शेंदरी-लाल आवरण असते. यासच वनस्पतिशास्त्रात बीजोपांग म्हणतात. बाजारात येणाऱ्या बीजावर हेच आवरण वाळून तांबूस-तपकिरी सालीसारखे चिकटलेले दिसते.

याच कुळातील हेंकळ हे आपल्या माळावर सर्वत्र दिसते. परंतु ते काटेरी झुडूप आहे, पीळ घालणारी वेल नव्हे. दक्षिणेत, विशेषतः केरळात, ज्योतिष्मती या नावाने कपालफोडी ही नाजूक, ताणे असलेली वेल काही ठिकाणी घेतली जाते. तिचे फळ फुग्यासारखे असते आणि बीज काळे असून त्यावर पांढरी हृदयाकृती खूण असते. जुने पाठ व परप्रांतीय ग्रंथ वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

आमची चूक

पवनानगर हे मावळातील गाव पवना धरणाच्या काठी वसले आहे. धरण १९७२ साली पूर्ण झाले. तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या मधले हे खोरे जून ते सप्टेंबर भरपूर पाऊस घेते. त्यानंतर मेअखेरपर्यंत मात्र माळ कोरडा असतो. खाली भाताची खाचरे, वर मुरमाड उतार, त्यावर तुटक रान, अशी येथील भूमीची रचना. आमच्या घरामागील जागाही अशीच मुरमाड आहे.

येथे आम्ही एका रोपवाटिकेतून मालकांगोणीचे एक रोप आणून लावले. रोप चांगले रुजले. तिसऱ्या वर्षी वेल मांडवावर चढली आणि चौथ्या वर्षी एप्रिलअखेर तिच्यावर फुलोरे आले. आम्ही आनंदित झालो. परंतु पावसाळा सरला तरी फळ एकही दिसले नाही. पुढील वर्षी खत वाढविले, तरीही तेच. त्याच्या पुढील वर्षी पाणी कमी करून पाहिले, पुन्हा तेच. वेल वांझ निघाली असे ठरवून ती काढून टाकण्याच्या विचारात आम्ही होतो.

त्या सुमारास शेजारच्या वाडीतील एक वृद्ध धनगर गुडघ्याच्या औषधासाठी आले होते. बोलता बोलता आम्ही वेल त्यांना दाखविली. त्यांनी फुलोऱ्याचा एक तुरा हाताशी घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि हसून म्हणाले, “वैद्यबुवा, ही वांझ न्हाय. ह्यो गडी हाय. ह्याच्या जोडीला बाई आणून लावा.”

आम्ही ग्रंथ उघडले. मालकांगोणीत बहुधा नर-फुले एका वेलीवर आणि मादी-फुले दुसऱ्या वेलीवर येतात, हे तेथे स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही ते वाचलेही होते, परंतु वेलीकडे पाहताना ते स्मरले नाही. शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. त्या वचनाचा प्रत्यय आम्हांस आमच्याच परसात आला.

नर आणि मादी कसे ओळखावे

रोप लहान असताना पानांवरून किंवा खोडावरून लिंगभेद कळत नाही. पहिली फुले येईपर्यंत थांबावेच लागते. फुले आल्यावर मात्र साधे भिंग पुरेसे असते. नर-फुलात पाच पुंकेसर ठळकपणे उभे असून त्यांवर पिवळसर पराग दिसतो. मधला बीजकोश नाममात्र असतो. मादी-फुलात मध्यभागी फुगीर बीजकोश असतो व त्याच्या टोकाशी तीन भागांत विभागलेली कुक्षी दिसते. पुंकेसर असले तरी ते खुरटे व परागहीन असतात. क्वचित एखाद्या वेलीवर दोन्ही प्रकारची किंवा द्विलिंगी फुलेही आढळतात, परंतु त्यावर विसंबून लागवड करू नये.

फुलांचे परागण कीटकांकडून होते. त्यामुळे नर-वेल अगदी लगत असण्याची आवश्यकता नाही. एकाच बागेत, काही मीटरांच्या अंतरात असली तरी चालते. एक नर-वेल पाच-सहा मादी-वेलींस पुरते. उलटपक्षी नर-वेल जवळपास नसेल तर मादी-वेल दरवर्षी फुलूनही फलहीन राहील आणि दोष मात्र खतावर, पाण्यावर किंवा जमिनीवर येईल.

रानातील स्थिती

या एका गोष्टीचे भान आल्यावर आम्ही भोवतालच्या उतारांकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. वेल उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत गेलेली असते आणि फळांचे घोस टोकालाच असतात. संकलन करणाऱ्यास तेथवर पोहोचणे कठीण. अशा वेळी कोयत्याने वेल बुंध्याशी तोडावयाची आणि खाली ओढून फळे काढावयाची, ही सोपी रीत पडते. एका हंगामाचे बीज हाती येते व पुढील अनेक हंगामांची वेल जाते.

यातील अधिक गंभीर भाग असा की, तोडली जाते ती फळे असलेलीच वेल. म्हणजे मादी-वेल. नर-वेलीकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही. असे वर्षानुवर्षे होत राहिले तर रानात वेली शिल्लक दिसतील, त्या फुलतीलही, पण त्यांत नरांचे प्रमाण वाढत जाईल आणि बीज धरणार नाही. वरवर पाहणाऱ्यास मालकांगोणी मुबलक आहे असेच वाटेल. त्या वृद्ध गृहस्थांनी दाखविलेल्या एका उतारावर आम्ही नेमके हेच पाहिले. फुलोऱ्याच्या दिवसांत जेवढ्या वेली हाती लागल्या त्या सर्व नर होत्या आणि मादीचा म्हणून त्यांनी दाखविला तो कोरडा बुंधा.

इतर कारणेही आहेत. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची रीत मावळात जुनी आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडताना त्यांवरील वेलीही जातात. मार्च-एप्रिलमध्ये उतारांवर लागणारे किंवा लावले जाणारे वणवे कोवळी रोपे नष्ट करतात. कामशेत-पवनानगर परिसरात सुट्टीसाठी बांधलेली घरे वाढली, तशी जमीन साफ करताना पहिली कुऱ्हाड वेलींवर पडते. त्याच जागी नंतर विदेशी शोभेच्या वेली विकत आणून लावल्या जातात. या सर्व कारणांचा विचार शासनाने व ग्रामस्थांनी करावयाचा आहे. परंतु बुंध्याशी वेल तोडून मिळविलेल्या बीजाची मागणी आपल्याकडून होते. त्याचे उत्तरदायित्व वैद्य व औषधनिर्माते यांचेच आहे.

लागवड

बीजापासून रोपे. बाजारातील औषधी बीज लागवडीसाठी वापरू नये. ते किती जुने आहे हे सांगता येत नाही, आणि तेलयुक्त असल्यामुळे साठवणीत त्याची उगवणशक्ती घटत जाते. नुकत्याच उकललेल्या फळांतील बीज घ्यावे. त्यावरील लाल आवरण राखेत किंवा बारीक वाळूत चोळून काढावे, बीज स्वच्छ धुवावे आणि पाण्यात तरंगणारे वेचून टाकावे. पोयटा, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घेऊन भरलेल्या पिशव्यांत, बीजाच्या जाडीच्या दुप्पट खोलीवर पेरून सावलीत ठेवावे. उगवण सावकाश व विषम होते. काही बीजे काही आठवड्यांत उगवतात, काही पुष्कळ मागे राहतात. म्हणून महिन्याभरात पिशव्या ओतून टाकण्याची घाई करू नये.

बीजापासून केलेल्या रोपांत नर किती व मादी किती हे आपल्या हाती नसते. म्हणून या मार्गाने जाणाऱ्याने किमान सहा-सात रोपे लावावीत आणि फुले आल्यावर निवड करावी. फुले येण्यास तीन-चार वर्षे, कधी अधिकही लागतात.

फाटे कलम व दाब कलम. ज्यांना निश्चिती हवी त्यांनी फळे धरणाऱ्या ज्ञात मादी-वेलीपासून आणि ज्ञात नर-वेलीपासून कलमे करावीत. पावसाच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीचे, अर्धवट पक्व झालेले, तीन-चार पेरांचे फाटे घेऊन खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकात, म्हणजे आयबीएमध्ये, बुडवून ओलसर वाळूत लावावे. सर्व फाटे जगत नाहीत, म्हणून आवश्यकतेपेक्षा अधिक लावावेत. याहून सोपी रीत म्हणजे खालच्या लवचीक फांदीची साल थोडी खरवडून, फांदी मातीत दाबून वर दगड ठेवणे. पावसाळाभर ओल राहिल्यास तेथे मुळे फुटतात व पुढे फांदी तोडून वेगळे रोप मिळते. आम्ही आमच्या मादी-वेली याच रीतीने मिळविल्या. परिचिताच्या आवारातील फलित वेलीची फांदी दाबून ठेवली आणि पुढील ज्येष्ठात रोपे घरी आणली. प्रत्येक रोपास पहिल्या दिवशीच न/मा अशी पत्र्याची खूण बांधावी. स्मरणशक्तीवर विसंबू नये, मग घरात ज्योतिष्मतीचे तेल कितीही असो.

जागा, खड्डा व आधार. वेलीच्या मुळाशी सावली व शेंड्यास ऊन मिळावे. दाट सावलीत ती जगते, पण फळ कमी धरते. मुरमाड, निचऱ्याची जमीन तिला मानवते. पाणी साठणारी जागा टाळावी. सुमारे पाऊण मीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, कुजलेले शेणखत व वरची माती भरून खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा. पवना खोऱ्यातील पावसात सपाट खड्ड्याचे डबके होते, हे ध्यानात असावे. दोन वेलींत तीन मीटर अंतर पुरे. लागवड पावसाचा पहिला जोर ओसरल्यावर करावी.

आधार भक्कम हवा. वेल वजनाने जड होते आणि पावसाळी वारा हलका मांडव खाली आणतो. दगडी किंवा लोखंडी खांबांचा मांडव, जाड तारेचे कुंपण किंवा जुने, पूर्ण वाढलेले करंज वा जांभूळ योग्य. आंब्याच्या, चिकूच्या तरुण कलमावर ही वेल कधीही चढवू नये. पीळ घालीत ती खोड आवळते आणि आधारालाच मारते.

पाणी व निगा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदोनदा पाणी द्यावे व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. पुढे वेल स्वतःच्या बळावर तग धरते. वाळवी व मोकाट जनावरे हे लहान रोपांचे मुख्य शत्रू होत. निंबोळी पेंड व काटेरी कुंपण यांनी दोहोंचा बंदोबस्त होतो. नत्रयुक्त खताचा अतिरेक केल्यास पाने उदंड येतात आणि फुले घटतात. जागा उतारावर असल्यास हिवाळा संपताच भोवताली गवत कापून जाळरेषा काढावी.

छाटणी. फुले नव्या फांद्यांच्या टोकांना येतात. म्हणून छाटणी फळे काढल्यानंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वी, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास करावी. एप्रिल-मेमध्ये छाटल्यास त्या वर्षाचे फळ आपल्याच हाताने कापले जाते. वेल डोक्याच्या उंचीवर राखली तर फळे हाताशी येतात. रानात जी अडचण वेलीचा घात करते ती बागेत सिकेटरच्या चार घावांनी दूर होते.

शोभा आणि संकलन

नोव्हेंबर ते जानेवारी या काळात बागेत रंग कमी असतो. त्याच दिवसांत मालकांगोणीचे पिवळे घोस उकलून शेंदरी होतात आणि कित्येक दिवस टिकतात. बुलबुल व इतर फळखाऊ पक्षी लाल आवरणासाठी येतात आणि बीजे दूरवर नेतात. वेलीचा रानातील प्रसार याच मार्गाने होतो. म्हणून शेंड्यावरचे काही घोस त्यांच्यासाठी सोडावेत. ज्यांची सुट्टीची घरे या खोऱ्यात आहेत व जे आपल्याकडे औषधासाठी येतात, त्यांना विदेशी वेलींऐवजी ही वेल सुचवावी. शोभेसाठी तिला कोणापुढे कमीपणा घेण्याचे कारण नाही.

विदेशी वेल का टाळावी, याचे उदाहरण याच वंशातील आहे. उत्तर अमेरिकेत सेलास्ट्रस स्कॅन्डेन्स ही तेथील देशी वेल असून तिचे घोस हिवाळ्यात घरे सजविण्यासाठी वापरतात. एकोणिसाव्या शतकात पूर्व आशियातील सेलास्ट्रस ऑर्बिक्युलेटस ही तिची भगिनी शोभेसाठी तेथे नेण्यात आली. ती बागेतून रानात पसरली, झाडे आवळू लागली आणि देशी वेलीशी तिचा संकर होऊन मूळ जातीच धोक्यात आली. आपली मालकांगोणी आपल्याकडे असताना तिच्या परदेशी बहिणी शोभेसाठी आणण्याचे प्रयोजन नाही.

औषधासाठी फळे पूर्ण पिवळी होऊन उकलू लागताच घोस देठासह कापावेत. आधी तोडलेल्या हिरव्या फळांतील बीज अपक्व राहते, उशीर केल्यास पक्षी नेतात. कापडावर पसरून सावलीत वाळवावे, टरफले पाखडून काढावीत व बीज हवाबंद भांड्यात, ओल व उष्णता यांपासून दूर ठेवावे. बीजात तेलाचे प्रमाण वजनाच्या निम्म्याच्या आसपास असते, त्यामुळे ते खवट होण्याचा संभव असतो. वर्षाचे बीज वर्षात संपवावे. चांगले बीज कागदावर चिरडल्यास तेलाचा स्पष्ट डाग पडतो, रुची कडवट असते व खवट वास येत नाही. घाण्यावर काढलेले तेल आणि पातालयंत्राने काढलेले काळे तेल ही भिन्न द्रव्ये होत, त्यांची नोंद व साठवण स्वतंत्र असावी.

एक सूचना आवश्यक आहे. लाल बीजे मुलांना आकर्षित करतात. द्रव्य तीक्ष्ण व वामक आहे. म्हणून मुलांचा वावर असेल तेथे घोस हाताशी ठेवू नयेत, आणि पित्तप्रकृती व गर्भिणी यांच्या बाबतीत चिकित्सकाने नेहमीचा विवेक पाळावा.

औषधनिर्मात्यांसाठी

परसातील चार वेलींनी मोठ्या औषधशाळेची गरज भागणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांनी तीन गोष्टी साधतात. पहिली, खात्रीचा नमुना हाताशी राहतो. व्यापाऱ्याकडून आलेला माल त्याच्याशी ताडून पाहता येतो. दुसरी, ज्ञात मादी-वेलींची कलमे शेतकऱ्यांना देता येतात. भाताच्या खाचरांवरील वरकस जमिनीच्या कडेला कुंपणावर ही वेल सहज वाढते आणि मुख्य पिकाची जागा घेत नाही. तिसरी, लागवडीच्या मालाचा स्वतंत्र हिशेब ठेवण्याची सवय लागते.

ही शेवटची गोष्ट आता कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ यात २०२३ साली सुधारणा झाली. तीनुसार लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना काही सवलती मिळाल्या असून त्यांसाठी लागवडीच्या उगमाचे प्रमाणपत्र स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून घ्यावयाचे आहे. रानातील माल व शेतातील माल यांत कायद्याने भेद केला आहे. तो आपल्या वहीतही असावा. लागवडीसंबंधी मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पश्चिम विभागाचे प्रादेशिक सुविधा केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात स्थापन झालेले आहे. पुणे जिल्ह्यातील सभासदांना ते दूर नाही.

रानातील बीज घ्यावेच लागले तर ते घोस कापून आणलेले आहे की वेल तोडून, हे संकलकास विचारावे. आकड्याच्या काठीला धार बांधून घोस उतरविता येतात. यास वेळ अधिक लागतो, म्हणून भाव थोडा अधिक द्यावा लागेल. तो देणे आपल्याच हिताचे आहे. आज बुंधा वाचला तर उद्याचे बीज मिळेल.

समारोप

आमच्या मांडवावर आज एक नर आणि तीन मादी-वेली आहेत. ज्या वेलीस आम्ही वांझ म्हणून उपटणार होतो तीच नर-वेल या तिघींचा आधार आहे. जोडीच्या वेली फुलावर आल्या त्या वर्षी कार्तिकात पहिला पिवळा घोस दिसला. तेव्हा तो पाहण्यास आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना मुद्दाम बोलाविले. त्यांनी घोस पाहिला, एक फळ उकलून बीजे तळहातावर घेतली आणि त्यांतील चार खिशात टाकली. आपल्या वाडीमागे, जिथे जुना बुंधा वाळला आहे, तिथे टाकणार म्हणून.

आमची सभासद बंधुभगिनींस विनंती एवढीच आहे. येत्या एप्रिल-मेमध्ये आपल्या परिसरातील मालकांगोणीचा फुलोरा शोधावा, भिंगातून पाहावा व वेल नर की मादी याची नोंद करावी. मादी आढळल्यास तिची जागा संकलकास नव्हे, तर लागवड करणाऱ्यास सांगावी. आणि पावसाच्या आरंभी एक फांदी मातीत दाबून ठेवावी. ज्या द्रव्याचे नाव आपण रोज घेतो त्याचे ऋण फेडण्याचा हा अगदी अल्प, परंतु खात्रीचा मार्ग आहे.